चेन खडखडते, चेंबर भरतो: टर्बो पिकअपच्या इंजिनामागची पार्श्वभूमी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून कळंबोलीपर्यंत डिझेलचं काम करणाऱ्या गॅरेजांत हल्ली दोन तक्रारी जोडीनेच येतात. सकाळी सेल्फ मारला की पुढून दोन-तीन सेकंद खडखड होते, आणि ऑइलची पातळी बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढली तर ऑइल कमी व्हायचं सोडून वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं असतं. पहिलीचं बिल टायमिंग चेनच्या, म्हणजे पिस्टनचा क्रँक आणि व्हॉल्व उघडणारा कॅम यांना ताळमेळात फिरवणाऱ्या साखळीच्या, नावावर फाटतं, दुसरीकडे फारसं कोणी बघतच नाही. खरं तर दुसरीतूनच बऱ्याचदा पहिली निघते आणि हे आजकालचं नाही, त्याची मुळं वीसेक वर्षांपूर्वी घेतलेल्या एका निर्णयात आहेत जो मुंबईतल्या गाड्यांसाठी कधी घेतलाच नव्हता.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर भलतीकडेच वाद सुरू होतो. न्हावाशेवाचे कंटेनर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकच्या इंजिनात टायमिंग चेन सहसा नसतेच, तिथे गिअर असतात, ते गिअर लाखो किलोमीटर चालतात आणि कोणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. चेनचा विषय आहे तो साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांचा, म्हणजे पिकअप, छोटा टेम्पो, डिलिव्हरी व्हॅन, आणि यांची इंजिनं बरीचशी कारच्या घराण्यातली. ट्रकचं काम आणि कारचं इंजिन, अर्धी भानगड इथेच आहे.

जुना इतिहास थोडक्यात. बुश-रोलर चेनचं पेटंट १८८० चं, मँचेस्टरमधलं. टर्बोचं मूळ पेटंट १९०५ चं. जुन्या डिझेलमध्ये चेन असली तर ती दुपदरी आणि दणकट, आपल्याकडे ट्रॅक्स नावाच्या गाडीत जे जर्मन घराण्याचं २.४ लिटरचं डिझेल बसायचं त्यात तशीच होती आणि त्यात टर्बो नव्हता, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना जास्त प्रेशरचं डिझेल पुरवणारा सामायिक पाइप, नव्हता, ताकद बेताची, त्यामुळे चेनला त्रासही बेताचा. मधे रबरी टायमिंग बेल्टचा जमाना आला, १९६२ मध्ये एका छोट्या जर्मन कारमध्ये तो पहिल्यांदा लागला आणि नंतर सगळीकडे पसरला कारण स्वस्त आणि आवाज नाही. पण बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो, नाहीतर तुटून व्हॉल्व वाकतात, म्हणून २००० नंतर कंपन्या परत चेनकडे वळल्या आणि ब्रोशरमध्ये छापायला लागल्या की ही इंजिनाच्या आयुष्यभर बदलायची गरज नाही.

ही परत आलेली चेन मात्र जुनी नव्हती. आता एकपदरी, बारीक, वजनाला हलकी. २००३ मध्ये आलेलं १.३ लिटरचं इटालियन डिझेल यातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण, नंतर ते परवान्यावर आपल्याकडे बनलं आणि मुंबई-पुणे करणाऱ्या टुरिस्ट टॅक्स्यांत वर्षानुवर्षं दिसायचं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, जेमतेम तीन लिटरच्या आसपासचा. एकपदरी चेनचा आवाज ओळखायला आपल्याकडचे बरेच मेकॅनिक याच इंजिनावर शिकले असं मला वाटतं. एका जर्मन कंपनीने तर २००७ च्या दोन लिटर डिझेलमध्ये चेन गिअरबॉक्सच्या बाजूला टाकली, म्हणजे चेन बदलायची तर आधी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवा! आयुष्यभर हात लावायचा नाही असं एकदा ठरवलं की ती कुठेही बसवता येते. त्यातच कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप बऱ्याच इंजिनांत याच चेनवर फिरतो, १६००-२००० बारचं प्रेशर तयार करताना त्याचे झटके चेनच्या प्रत्येक कडीला बसतात.

चेन वाढते म्हणजे तिचं लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीत पिन आणि बुश एकमेकांवर घासतात, दोघांमध्ये ऑइलचा पातळ थर असतो, तो फाटला की धातूला धातू लागतो. एका सांध्याची झीज मायक्रॉनमध्ये, पण समजा दीडशे सांधे आहेत आणि प्रत्येकात शंभरावा भाग मिलिमीटर गेला तर चेन दीड मिलिमीटर लांब झाली. तेवढा ढिलेपणा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, खेचून घेतो, पण टेन्शनरही ऑइलच्या प्रेशरवरच चालतो, रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं आणि सकाळी प्रेशर येईपर्यंत चेन मोकळी फडफडते. तीच ती खडखड. पुढे कॅम आणि क्रँकचं गणित चुकतं, स्कॅनरवर कोड येतो, आणि तरीही चालवत राहिलं तर एक दात सुटतो, मग हेड खोलणं आलंच.

झीज वाढवणाऱ्या गोष्टी दोन, काजळी आणि पातळ ऑइल. काजळी आधी आली. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला धुराचा काही भाग परत इंजिनात सोडायचा, म्हणजे ईजीआर, ही पद्धत डिझेलमध्ये रुळली आणि तिच्याबरोबर ऑइलमध्ये जाणारी काजळीही वाढली. मुंबईत बीएस-४, म्हणजे गाड्यांच्या धुरावरच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा, एप्रिल २०१० ला लागू झालं, देशभर २०१७ ला. काजळीचे कण पिन-बुशच्या फटीत पॉलिश पेपरचं काम करतात. पण तोवर ऑइलचा घट्टपणा तरी शाबूत होता.

खरा बदल आला एप्रिल २०२० ला. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने ठरवलं की बीएस-५ गाळायचं आणि थेट बीएस-६ वर जायचं. डिझेलमधलं सल्फर ५० वरून १० पीपीएम, आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ. हवेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता, मुंबईत राहणारा माणूस त्याला नावं ठेवणार नाही. पण युरोपला डीपीएफ २००० मध्ये पहिल्यांदा कारमध्ये लागल्यापासून तो सक्तीसारखा होईपर्यंत दहाएक वर्षं मिळाली, आपल्याला निर्णयापासून चार मिळाली, आणि बीएस-६ सक्तीचं झालं ते ऐन लॉकडाऊनमध्ये.

डीपीएफ भरला की जाळून रिकामा करावा लागतो, त्याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजात नुसतं रिजन. काजळी स्वतःहून जळायला साधारण ६०० डिग्रीच्या आसपास तापमान लागतं आणि गर्दीत रांगणाऱ्या डिझेलचा धूर दोनशेच्या आसपास घुटमळतो. मग तापमान वाढवायचं कसं? पहिल्या फ्रेंच गाडीने डिझेलमध्ये सिरियमचं औषध मिसळून काजळी कमी तापमानाला जळेल असं केलं होतं, पण ते वेगळ्या टाकीतून भरत बसावं लागायचं म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलं. उरले दोन रस्ते आणि या दोघांतली निवड हाच या सगळ्या प्रकरणातला वादाचा मुद्दा.

एक रस्ता म्हणजे धुराच्या पाइपात, टर्बोच्या पुढे, वेगळा इंजेक्टर बसवायचा. तो डिझेल थेट धुरात फवारतो, पुढच्या कॅटलिस्टमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, ते जळतं आणि फिल्टर तापतो. सिलिंडरचा आणि ऑइलचा संबंधच येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे काहीच नवीन बसवायचं नाही, आहे तोच इंजेक्टर पॉवर स्ट्रोक संपत आला असताना, पिस्टन खाली गेलेला असताना पुन्हा एकदा उघडायचा. हे लेट पोस्ट इंजेक्शन. डिझेल सिलिंडरात जळत नाही, वाफ होऊन धुराबरोबर कॅटलिस्टपर्यंत जातं. पण सगळं जात नाही ना! त्या क्षणी सिलिंडरात प्रेशर कमी, फवारा लांब जातो, थेट भिंतीला लागतो, तिथला ऑइलचा थर धुऊन काढतो आणि पिस्टनच्या रिंगा ते मिश्रण खरवडून चेंबरमध्ये आणून टाकतात.

दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने बोलायला मुद्दे आहेत, नाही असं नाही. वेगळा इंजेक्टर म्हणजे वेगळा व्हॉल्व, वेगळी लाइन, गरम पाइपात बसलेला नोझल, जो कार्बनने चोंदतो आणि मग त्याची वेगळी डोकेदुखी. छोट्या गाडीत जागा नाही, किमतीत वाव नाही. पोस्ट इंजेक्शनला फक्त सॉफ्टवेअर लागतं. आणि युरोपातली व्हॅन रोज तासभर हायवेला शंभरच्या वेगाने पळत असेल तर फिल्टर बराचसा आपसूक साफ होतो, जबरदस्तीचं रिजन क्वचित लागतं आणि जे लागतं ते पूर्ण होतं. कागदावर हिशोब बसतो. पण मला विचाराल तर हा हिशोब गाडी बनवणाऱ्याच्या बाजूने मांडलेला होता, वाचलेला पैसा त्याच्या खिशात आणि पातळ झालेलं ऑइल गाडीवाल्याच्या चेंबरात.

असं मी एकटाच म्हणत नाही. एका अमेरिकन कंपनीचं ६.६ लिटरचं व्ही८ पिकअप डिझेल बघा, २००७ च्या नियमांसाठी त्यांनी सिलिंडरातलं पोस्ट इंजेक्शनच वापरलं आणि २०११ च्या मॉडेलला तेच इंजिन धुराच्या पाइपात नववा इंजेक्टर लावून आणलं. आठ सिलिंडरचे आठ आणि हा नववा. जगभर मोठ्या ट्रकांनीही बऱ्याच ठिकाणी पाइपातलाच फवारा पसंत केला कारण तिथे गिऱ्हाईक दहा लाख किलोमीटरचा हिशोब मागतं. छोट्या पिकअपला तो हिशोब मागणारा कोणी नव्हता, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सिलिंडरातलंच राहिलं आणि बीएस-६ ला आपल्याकडे तेच आलं. शिवाय छोट्या डिझेलमध्ये नायट्रोजन ऑक्साइडसाठी जो ट्रॅप लावला त्याच्या सफाईलाही अधूनमधून जास्तीचं डिझेल सोडावं लागतं, म्हणजे चेंबरकडे जाणारा आणखी एक ओघळ.

इथे पेट्रोल आणि डिझेलमधला फरक महत्त्वाचा आहे. पेट्रोल ऑइलमध्ये गेलं तर लांबच्या एका फेरीत ऑइल तापून बरंचसं उडून जातं. डिझेल साधारण १८० ते ३६० डिग्रीला उकळतं आणि चेंबर असतो शंभरच्या आसपास, म्हणजे गेलेलं डिझेल तिथेच मुक्काम करतं. १५डब्ल्यू-४० घट्टपणाचं ऑइल भरलं म्हणून काही हजार किलोमीटरनंतर ते १५डब्ल्यू-४० राहिलेलं असेलच असं नाही. एका जपानी कंपनीने तर डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर फुलीची खूण केली, इथवर आलं की ऑइल बदला. कंपनीला माहीत होतं की पातळी वाढणार.

आपल्याकडे गंमत अशी की हीच वाढ चांगली समजली गेली. जुन्या टेम्पोवर हात बसलेला माणूस डिपस्टिक बघतो ती ऑइल कमी झालंय का एवढंच बघायला. कमी नाही, म्हणजे गाडी ऑइल खात नाही, इंजिन टाइट आहे, झालं समाधान. प्रत्यक्षात अर्धा लिटर ऑइल जळलेलं असू शकतं आणि त्याच्या जागी अर्धा लिटर डिझेल आलेलं, पातळी जिथल्या तिथे.

आणि मुंबईचं काम म्हणजे डीपीएफला नको ते सगळं. गर्दीच्या वेळी जड वाहनांना शहरात मनाई, त्यामुळे भिवंडीच्या गोदामातून किंवा वाशीच्या मार्केटातून माल उतरतो तो पिकअपवर, मग मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, दादर, प्रत्येक ठिकाणी हमाल येईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहणं किंवा पाच मिनिटांत चालू-बंद. रिजन सुरू होतं आणि अर्ध्यात ड्रायव्हर चावी फिरवतो, त्याची काय चूक, त्याला माल उतरवायचाय. पुढच्या फेरीला इंजिन पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करतं, पुन्हा डिझेल भिंतीला. फिल्टर भरलेला तो भरलेलाच आणि चेंबरात दोन हप्ते जमा. दिवा लागून गाडी ओढेनाशी झाली की वर्कशॉपमध्ये फोर्स्ड रिजन, उभ्या गाडीवर, तेव्हाही तेच. काही जण मग फिल्टरच आतून पोकळ करून घेतात, जे बेकायदा आहे आणि ज्याचा धूर बाकीच्यांनी गिळायचा.

ऑइलच्या बाजूलाही बदल झाले पण उशिरा. डीपीएफला कमी राखेचं ऑइल लागतं, कारण काजळी जळते, ऑइलमधली राख जळत नाही. ते महाग, म्हणून नेहमीच्या बादलीतलंच घातलं जातं. चेनकडे बघायलाही उशीरच झाला. अमेरिकेत २०११ पासून ३.५ लिटरचं ट्विन टर्बो पेट्रोल व्ही६ पिकअपमध्ये आलं आणि तिथेही चेन वाढल्याच्या तक्रारी झाल्या, पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनची बारीक काजळी आणि थंडीत ऑइलमध्ये जाणारं पेट्रोल, जोडी तीच. पेट्रोल इंजिनांच्या ऑइलच्या अमेरिकन मानकात चेनच्या झिजेची टेस्ट आली ती मे २०२० मध्ये, दोन लिटरचं टर्बो इंजिन २१६ तास चालवतात आणि चेन किती वाढली ते मोजतात.

दरम्यान ऑइल बदलायचं अंतर उलट्या दिशेने गेलं. पूर्वी पाच हजारला ड्रायव्हर स्वतःहून गाडी गॅरेजात लावायचा, मग दहा झालं, पंधरा झालं, काही पिकअपना तर वीस हजार सांगतात कारण मेंटेनन्स कमी दाखवला की गाडी विकली जाते. मॅन्युअलमध्ये मागे कुठेतरी कठीण वापराचा वेगळा रकाना असतो, वारंवार थांबणं, जास्त वेळ आयडलिंग, छोट्या फेऱ्या, धूळ, आणि त्यात अंतर निम्म्याच्या आसपास आणलेलं असतं. मुंबईतली एकही डिलिव्हरी गाडी या रकान्याच्या बाहेर पडत नाही, पण फ्रीसर्व्हिसच्या कुपनावर छापलेला आकडा पहिल्या रकान्यातला. वॉरंटीत चेन गेली की वाद याच जागी येऊन अडकतो. गाडीवाला कुपन दाखवतो, समोरचा दुसरा रकाना दाखवतो, आणि ज्या ऑइलची पाचशे मिली बाटली भरून लॅबला पाठवली असती तर त्यात डिझेल किती टक्के होतं ते कळलं असतं, ते ऑइल चेन बदलताना पहिल्याच दिवशी सांडून दिलेलं असतं.