मोतीबिंदू शस्त्रक्रियेबाबत रुग्णशिक्षण

मोतीबिंदू झालेल्या व्यक्तीला व तिच्या घरच्यांना आजार, शस्त्रक्रिया, खर्च आणि नंतरची काळजी समजावून सांगणे, आणि ती शस्त्रक्रियेला का कचरते हे शोधून तो अडसर दूर करणे, म्हणजे मोतीबिंदूविषयक रुग्णशिक्षण. भारतात 2015 ते 2019 या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधांपैकी 66.2 टक्के लोकांचे अंधत्व मोतीबिंदूमुळे आल्याचे आढळले. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया कृत्रिम भिंगासह मोफत होते, तरीही अनेक जण वर्षानुवर्षे थांबतात.

सर्वांत चिवट समज म्हणजे ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’. एके काळी हा सल्ला डॉक्टरच देत. तेव्हा डोळ्यातले गढूळ झालेले अख्खे भिंग आवरणासकट काढले जाई, टाके पडत आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा लागे. त्यामुळे दृष्टी पुरती जाईपर्यंत थांबणे शहाणपणाचे होते. आता भिंगाचे मागचे आवरण जागेवर ठेवून त्यात कृत्रिम भिंग बसवतात. फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेताना, छेद जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरचा असतो, लहान छेदाच्या हाताने करायच्या पद्धतीत 6 ते 7 मिलिमीटरचा. दोन्हींत बहुधा टाका लागत नाही. उलट पिकलेला मोतीबिंदू टणक होतो, काढायला अवघड जातो आणि कधी फुगून डोळ्यातला दाब वाढवतो. ‘उन्हाळ्यात ऑपरेशन नको’ हेही जुन्याच काळातले.

पण गैरसमज दूर झाला म्हणून रुग्ण तयार होतोच असे नाही. सोबत कोण येणार, सोयाबीनची काढणी कोण करणार, एसटीचे भाडे कोण देणार, हे प्रश्न बहुतेकदा ‘भीती वाटते’ या उत्तराआड दडलेले असतात. म्हाताऱ्या बाईच्या बाबतीत निर्णय अनेकदा मुलाच्या हाती असतो. तो समोर नसेल तर समुपदेशन अर्धेच झाले. दक्षिण भारतातील खेड्यांत झालेल्या आणि 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने घरोघरी जाऊन बोलणे आणि संपूर्ण खर्च उचलणे हे उपाय परिणामकारक ठरले. शेजारची आजी सुईत दोरा ओवून दाखवते तेव्हा जे पटते, ते भित्तिपत्रकाने पटत नाही.

चांगले समुपदेशन एकांतात, रुग्णाच्या बोलीत आणि घाई न करता होते. आधी ‘कशासाठी अडते?’ विचारावे: तांदळातले खडे दिसत नाहीत, की संध्याकाळी पायरी चुकते? मग डोळ्याची प्रतिकृती हातात देऊन गढूळ भिंग कुठे असते ते दाखवावे. भूल फक्त डोळ्यापुरती, माणूस जागा असतो, चेहऱ्यावर कापड असते, प्रखर उजेड व पाणी जाणवते, डोके हलवायचे नाही, खोकला आला तर आधी सांगायचे; हे आधीच ठाऊक असले की टेबलावर दचकणे टळते. साखर, रक्तदाब आणि भिंगाच्या नंबरासाठीचे मोजमाप का करतात तेही सांगावे. प्रोस्टेटची गोळी चालू असल्यास ती शल्यचिकित्सकाला कळायलाच हवी, कारण काही गोळ्यांनी बुबुळ सैल पडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

‘सगळं लख्ख दिसेल’ हे आश्वासन सर्वांत घातक आहे. मधुमेहाने पडदा किंवा काचबिंदूने नस खराब झाली असेल तर दृष्टी मर्यादितच सुधारते. ते संमतीपत्रावर अंगठा घेण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. जवळचे वाचायला बहुधा चष्मा लागतो, हेही.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात औषधाचे थेंब 4 ते 6 आठवडे, सांगितलेल्या क्रमाने कमी करत घालायचे असतात. नुसते सांगू नये, करवून घ्यावे: हात धुऊन खालची पापणी ओढायची, बाटलीचे टोक डोळ्याला न लावता एक थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा, पुढचे औषध पाच मिनिटांनी. डोळा चोळू नये, त्यात पाणी व चुलीचा धूर जाऊ देऊ नये. दुखणे वाढले, लाली चढली किंवा दिसणे अचानक कमी झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आतला जंतुसंसर्ग तासातासाने वाढतो.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागचे आवरण धुरकट होऊ शकते. ते लेसरने काही मिनिटांत मोकळे होते. हे आधी सांगितले नसेल तर ‘मोतीबिंदू परत आला, ऑपरेशन वाया गेलं’ अशी बोलवा गावात होते आणि तयार झालेले शेजारीही माघार घेतात.