खिचडीच्या पातेल्यामागचा अंतरिम आदेश

शाळेत दुपारी शिजणाऱ्या खिचडीमागची न्यायालयीन लढाई अभ्यासायला घेतली, की बहुतेक जण आधी अंतिम निकाल शोधतात. तिथेच गफलत होते. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार’ (रिट याचिका १९६/२००१) हा नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेलेला खटला २०१७पर्यंत चालला. पण देशाचं धोरण हललं ते २८ नोव्हेंबर २००१च्या अंतरिम, म्हणजे खटला चालू असतानाच दिलेल्या, आदेशाने.

शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना त्याआधीची, १५ ऑगस्ट १९९५ची. तमिळनाडूत तर १९८२पासूनच मुलांना शाळेत जेवण मिळत होतं. बहुतेक राज्यांनी मात्र ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो कोरडं धान्य देऊन काम भागवलं. ते घरी गेलं की सगळ्या कुटुंबात वाटलं जाई. शाळेतल्या मुलाच्या पोटात किती गेलं, हे कोणालाच सांगता येत नसे.

२००१मध्ये राजस्थान लागोपाठच्या दुष्काळाने होरपळत होता आणि अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्याच्या थप्प्या पडून होत्या. याचिकेने हा विरोधाभास न्यायालयासमोर मांडला. भुकेल्यांच्या वतीने संघटनेला दाद मागता आली, कारण १९८१च्या एस. पी. गुप्ता निकालाने ती वाट मोकळी केली होती. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते, हे तर मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५मध्येच ठरलं होतं. पण त्या निकालात तत्त्व मिळालं, घर मिळालं नाही: झोपड्या हटवण्याला फक्त ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, थांबवलं गेलं.

२००१चा आदेश वेगळा ठरतो तो त्यातल्या आकड्यांमुळे. रोज किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस, आणि जेवण शिजवलेलंच. कोरडं धान्य देणाऱ्या राज्यांनी तीन महिन्यांत निम्म्या जिल्ह्यांत सुरुवात करायची, तीही गरीब जिल्ह्यांपासून. उरलेल्या जिल्ह्यांसाठी आणखी तीन महिने. या आकड्यांचं मोल पातेल्याशी उभं राहिलं की कळतं. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ३४५ कॅलरी मिळतात, पण प्रथिनं जेमतेम ७ ग्रॅम. म्हणजे नुसत्या भाताने आदेश पाळला जात नाही, डाळ घालावीच लागते. आता डाळीला पैसे कुठून आणायचे?

मुदत उलटली तरी कित्येक राज्यांत चुली पेटल्या नाहीत. धान्य केंद्राकडून फुकट मिळे; इंधन, डाळ, तेल आणि स्वयंपाकिणीचं मानधन मात्र राज्याच्या माथी. म्हणून मे २००२मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीवर नजर ठेवायला एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन या माजी सनदी अधिकाऱ्यांना आयुक्त नेमलं. पुढे २० एप्रिल २००४च्या आदेशाने शिजवण्याचा खर्च पालकांकडून घ्यायला मनाई केली, केंद्राला त्या खर्चासाठी आणि स्वयंपाकघरांच्या शेडसाठी तरतूद करायला सांगितलं आणि स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्यायला बजावलं. जातीमुळे पंगत मोडू नये यासाठीची ही ओळ, आमच्या मते, त्या आदेशातली सर्वांत दूरदृष्टीची.

त्यामुळे हा खटला वाचायचा तो तारीखवार: आधी आदेश, मग राज्यांची प्रतिज्ञापत्रं, मग आयुक्तांचे अहवाल. २००१चे आकडे पुढे वाढत कायद्यात कसे उतरले, तेही याच क्रमाने दिसतं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या मूळ दुसऱ्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनं नोंदवली होती.