खुलासा: चिकन-अंडी खाल्ल्याने बर्ड फ्लू होतो का?

साथीची बातमी आली की हा मेसेज हमखास फिरतो: ‘चिकन, अंडी बंद करा.’ नीट शिजवलेल्या अन्नातून बर्ड फ्लू होत नाही. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजले की विषाणू मरतो. अर्धकच्चे अंडे मात्र टाळा, आणि कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी, पाट धुवा.

खरा धोका आहे तो आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांच्या जवळ जाण्यात, त्यांची विष्ठा आणि स्राव हाताळण्यात. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची पहिल्यांदा माणसांना लागण झाली. १८ जण आजारी पडले, ६ दगावले. यातील बहुतेकांचा संबंध जिवंत कोंबड्यांशी आला होता. माणसाकडून माणसाला हा विषाणू अजून सहजी पसरत नाही.

मग अशा साथीच्या काळात शाळांनी काय करायचे? मैदानात मेलेला पक्षी दिसला तर मुलांनी हात न लावता शिक्षकांना सांगायचे, हे आधीच शिकवून ठेवावे. बाकी तयारी कुठल्याही साथीची असते तीच: साबण-पाणी, उघड्या खिडक्या, ताप आलेल्या मुलाला घरी ठेवण्याची मुभा. गैरहजेरीचा रोजचा हिशेब तर फारच उपयोगी. एकाच वर्गातली मुले अचानक गैरहजर राहू लागली, तर पहिली चाहूल हजेरीपटातच लागते. (शंभर टक्के हजेरीची बक्षिसे त्या काळात तरी थांबवावीत, त्या बक्षिसांपायी मुले तापातही शाळेत येतात.)