मोबाईलवरून देणगी: कोल्हापुरातील धर्मादाय संस्थांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

धर्मादाय संस्थेला मोबाईलवरून देणगी स्वीकारण्यासाठी असा एकच परवाना नाही. धर्मादाय कार्यालयातील नोंदणी, संस्थेचे पॅन, बँक खाते, आयकर विभागाची मान्यता आणि मोठ्या संख्येने एसएमएस पाठवायचे असल्यास दूरसंचार कंपनीकडील नोंदणी, अशा पाच ठिकाणची कागदपत्रे एकमेकांशी जुळावी लागतात. क्यूआर कोडचा फलक हा या सगळ्याचा शेवटचा टप्पा आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळदा फलक आधी लागतो आणि तो खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा असतो. देणगीदाराने स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसते, पैसे त्या व्यक्तीच्या खात्यात पडतात, आणि ते उत्पन्न कोणाचे हा प्रश्न पुढे आयकरातही उभा राहतो आणि वार्षिक सभेतही. संस्था कितीही प्रामाणिक असली तरी या प्रश्नाला कागदावर उत्तर नसते, म्हणून पुढील क्रम सोडू नये.

पात्रता

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला न्यास, तसेच संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि वरील अधिनियम अशा दोन्हींखाली नोंदलेली संस्था आपल्या नावाने देणग्या घेऊ शकते. नोंदणी चालू असणे म्हणजे केवळ जुने प्रमाणपत्र भिंतीवर असणे नव्हे. सध्याचे विश्वस्त परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदपत्रकावर, नोंदलेले असावेत आणि हिशेबपत्रके दर वर्षी दाखल झालेली असावीत. बँक आणि आयकर विभाग दोघेही परिशिष्ट १ चा अलीकडचा उतारा मागतात, त्यावर मयत किंवा राजीनामा दिलेल्या विश्वस्तांची नावे असतील तर अर्ज तेथेच थांबतो.

ज्या तरुण मंडळांची किंवा तालमींची नोंदणी नाही आणि ज्यांना गणेशोत्सवासारख्या प्रसंगी वर्गणी जमवायची आहे, त्यांना याच अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. हा अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरून करता येतो. सदस्यांच्या सह्यांचा ठराव, ओळखपत्रांच्या प्रती, जागेसंबंधीचा दाखला किंवा ना हरकत पत्र, आणि यापूर्वी परवानगी घेतली असल्यास मागील वेळचा हिशेब ही नेहमीची कागदपत्रे होत. वर्गणी रोख घेतली की फोनवरून घेतली याने परवानगीच्या गरजेत काही फरक पडत नाही. नोंदणीकृत तालमींना ही तात्पुरती परवानगी लागत नाही.

बँक खाते आणि क्यूआर कोड

खाते कोठे उघडावे हा कोल्हापूर जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण येथे गावोगाव सहकारी पतसंस्था आहेत आणि कार्यकर्त्यांचे तेथे घरोब्याचे संबंध असतात. तथापि न्यासाची रक्कम अनुसूचित बँकेत, टपाल बचत बँकेत किंवा राज्य शासनाने त्यासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत ठेवावी असे याच अधिनियमाचे कलम ३५ सांगते. पतसंस्था या यादीत बसत नाही. आपली सहकारी बँक मान्यताप्राप्त आहे का, हे शाखेतून लेखी विचारून घ्यावे आणि ते पत्र फाईलला लावावे.

खाते उघडताना नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, परिशिष्ट १ चा उतारा, संस्थेच्या नावाचे पॅन, खाते उघडण्याचा आणि सह्यांचे अधिकार देणारा ठराव, तसेच सह्या करणाऱ्या विश्वस्तांची ओळखपत्रे व पत्त्याचे पुरावे लागतात. मार्च २०२३ मध्ये मनी लाँडरिंग प्रतिबंधक नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर बँकांना ना-नफा संस्थांचा तपशील नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदवावा लागतो. त्यामुळे संस्थेने स्वतःच आधी दर्पणवर नोंदणी करून तो क्रमांक हाताशी ठेवला तर शाखेतील फेऱ्या वाचतात. येथे सर्वांत जास्त अडथळा येतो तो नावाचा. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘बहुउद्देशीय सेवाभावी संस्था’ आणि पॅनवर त्याच नावातील ‘बहुउद्देशीय’च्या जागी ‘मल्टीपर्पज’ असे असेल तर बँक, दर्पण आणि आयकर या तिन्ही ठिकाणी ती दोन वेगळी नावे ठरतात. पॅनवरील नाव आधी दुरुस्त करून घ्यावे, मगच पुढचा अर्ज भरावा.

खाते सुरू झाल्यावर त्याच शाखेकडे संस्थेच्या नावाने यूपीआय व्यापारी क्यूआर मागावा. अर्जात व्यवसायाचा प्रकार म्हणून ‘धर्मादाय व समाजसेवी संस्था’ हा वर्ग लिहावा, त्याचा संकेतांक ८३९८ असा आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही, त्यामुळे बँक खात्यातून थेट आलेली ५०० रुपयांची देणगी पूर्ण ५०० रुपयेच जमा होते. क्रेडिट कार्डासाठी पेमेंट गेटवे घेतल्यास मात्र साधारण दोन टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी कापला जातो. अशा वेळी पावती पूर्ण रकमेची द्यावी आणि शुल्क खर्चात दाखवावे.

दरमहा ठराविक रक्कम देणाऱ्यांसाठी यूपीआय ऑटोपेची सोय जुलै २०२० पासून आहे. १५,००० रुपयांपर्यंतच्या नियमित हप्त्यांना पहिल्या मंजुरीनंतर प्रत्येक वेळी पिन टाकावा लागत नाही, मात्र रक्कम वळती होण्याच्या २४ तास आधी देणगीदाराला सूचना जाते आणि तो हप्ता केव्हाही बंद करू शकतो. वसतिगृहातील मुलांचे जेवण, वृद्धाश्रमातील औषधे असा महिन्याचा बांधील खर्च असलेल्या संस्थांनी या सोयीसाठी बँकेकडे अवश्य अर्ज करावा. वर्षातून एकदा मिळणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणारे २०० रुपये संस्थेला अंदाजपत्रक आखू देतात, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा फोन वापरणाऱ्या देणगीदारांना *९९# किंवा मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पेचा मार्ग आहे. आजरा, चंदगड, शाहूवाडीकडील ज्येष्ठ देणगीदारांना तो आवर्जून सांगावा.

आयकर सवलत आणि पावती

देणगीदाराला आयकरात सवलत द्यायची असेल तर संस्थेकडे आयकर अधिनियमाची १२ एबी नोंदणी (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसूट देणारी) आणि ८० जी मान्यता (देणगीदाराला वजावट देणारी) असावी. नव्या संस्थेला आयकर पोर्टलवर नमुना १० ए भरून तीन वर्षांची तात्पुरती मान्यता मिळते, त्यानंतर नमुना १० एबी भरून नियमित मान्यता घ्यावी लागते. ही मान्यता कायमची नसते, म्हणून तिची अखेरची तारीख पावतीपुस्तकाच्या आतील पानावर लिहून ठेवावी. येथे दिलेले क्रमांक आयकर अधिनियम, १९६१ मधील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असून त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. अर्ज भरताना पोर्टलवरील चालू क्रमांक पाहावा.

अशा संस्थेस दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेवर, विहित मर्यादेत, वजावट मिळते आणि ती फक्त जुनी कररचना निवडणाऱ्यास मिळते. २,००० रुपयांपेक्षा अधिक देणगी रोख दिली तर वजावट मिळतच नाही, त्यामुळे फोनवरून दिलेली देणगी करदात्याच्या सोयीची ठरते. हे देणगीदारांना स्पष्ट सांगावे. ‘पूर्ण करमाफी’ असे शब्द फलकावर लिहू नयेत.

यूपीआयने आलेल्या देणगीची खरी अडचण पैसे जमा झाल्यानंतर सुरू होते. संस्थेच्या फोनवर ‘५०१ रुपये प्राप्त’ एवढाच संदेश येतो. खात्याच्या उताऱ्यात बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि बहुधा देणाऱ्याचे नाव असते, परंतु पत्ता आणि पॅन नसते. नाव-पत्त्याची नोंद नसलेली देणगी आयकराच्या दृष्टीने निनावी ठरू शकते. अशा देणग्यांची बेरीज एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या पलीकडे गेली, तर वरच्या रकमेवर ३० टक्के दराने कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासांना यातून सूट आहे, सेवाभावी संस्थांना नाही. शिवाय ८० जी मान्यता असलेल्या संस्थेने मागील आर्थिक वर्षातील देणगीदारांचे विवरण नमुना १० बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरावे लागते, आणि त्यावरून निघणारे १० बीई प्रमाणपत्र त्याच मुदतीत देणगीदाराला द्यावे लागते. या विवरणात प्रत्येकाचा पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक लागतो. उशीर झाल्यास दर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. मे महिन्यात देणगीदारांना फोन करून पॅन मागत बसण्यापेक्षा देणगी आली त्याच दिवशी पुढीलसारखा संदेश पाठवावा:

‘नमस्कार. आपली ५०१ रुपयांची देणगी आज संस्थेच्या खात्यावर जमा झाली. पावतीसाठी कृपया आपले पूर्ण नाव, पत्ता आणि आयकर सवलत हवी असल्यास पॅन कळवावे. ही माहिती केवळ पावती आणि आयकर विवरणासाठी वापरली जाईल. यापुढे संस्थेच्या कामाची माहिती मिळावी असे वाटत असल्यास होय असे उत्तर द्यावे.’

शेवटचे वाक्य गाळू नये. वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्यापलीकडे ती वापरायची तर संमती हवी, हे त्याचे सूत्र आहे. ‘होय’ हे उत्तर फोनमध्ये जपून ठेवलेली संमतीच असते. पॅनचे फोटो कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय मात्र आजच बंद करावी.

एसएमएस, व्हॉट्सॲप आणि संपर्क

देणगीचे आवाहन करणारे एसएमएस शेकडो लोकांना एकाच वेळी पाठवायचे असतील तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१८ च्या नियमांनुसार संस्थेने जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया किंवा बीएसएनएल यांपैकी एखाद्या कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (मोठ्या संख्येने एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी प्रणाली) ‘प्रिन्सिपल एंटिटी’, म्हणजे संदेश पाठवणारी मूळ संस्था, म्हणून नोंदणी करावी. त्यासाठी संस्थेचे पॅन, नोंदणी प्रमाणपत्र आणि लेटरहेडवरील अधिकारपत्र लागते. त्यानंतर हेडर, म्हणजे संदेश पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारे संस्थेचे संक्षिप्त नाव, आणि संदेशाचा मजकूर या दोन्हींना मंजुरी घ्यावी लागते. मजकुरात लिंक असेल तर तीही आधी नोंदवावी लागते. पावतीचा संदेश आणि आवाहनाचा संदेश हे दोन वेगळ्या वर्गांत मोडतात. १९०९ या क्रमांकावर प्रचाराचे संदेश नको असे नोंदवलेल्यांना आवाहन जात नाही. वैयक्तिक सिमवरून असे संदेश पाठवल्यास तक्रारीवरून तो क्रमांक बंद होऊ शकतो.

व्हॉट्सॲपला डीएलटी लागत नाही आणि बिझनेस ॲप विनाशुल्क आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा असते आणि ज्यांनी संस्थेचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून पावतीवर ‘हा क्रमांक जतन करावा’ एवढी ओळ छापावी. आवाहन वर्षातून मोजके असावे, कामाचा वृत्तांत मात्र नियमित असावा. शिरोळ तालुक्यातील पूरग्रस्त कुटुंबांना अंथरूण-पांघरूण दिले असेल तर खरेदीच्या बिलाचा फोटो आणि वाटपाची तारीख पाठवावी. मदत घेणाऱ्यांच्या चेहऱ्यांचे फोटो पाठवू नयेत. बालगृहांनी तर मुलांची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करू नये, बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने त्याला मनाई आहे.

परदेशातून येणारी देणगी

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या प्रसंगी परगावी आणि परदेशी असलेले कोल्हापूरकर फोनवर आलेला क्यूआर पुढे पाठवतात आणि पैसेही पाठवतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने बँकिंग मार्गाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, विदेशीच असते. तिच्यासाठी विदेशी अभिदाय नियमन अधिनियम, २०१० खालील नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खाते आवश्यक आहे. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी आणि मागील तीन वर्षांत तिने मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. ही नोंदणी नसलेल्या संस्थेने आवाहनातच ‘फक्त भारतीय नागरिकांकडून देणगी स्वीकारली जाते’ असे लिहावे.

पदाधिकारी बदलल्यावर

संस्थेचा मोबाईल क्रमांक संस्थेच्याच ताब्यात असावा. सचिवाच्या वैयक्तिक सिमवर बँक, आयकर पोर्टल, दर्पण आणि व्हॉट्सॲप चालत असेल तर निवडणुकीनंतर ओटीपी जुन्या सचिवाकडे जातात, आणि त्याचे नव्या कार्यकारिणीशी पटत नसेल तर संस्थेचे सगळे व्यवहार खोळंबतात. विश्वस्तांतील बदलाचा अर्ज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. या बदलाच्या ठरावातच बँकेतील सह्या, आयकर पोर्टलवरील मुख्य संपर्क, डीएलटीवरील अधिकृत व्यक्ती आणि क्यूआरशी जोडलेला क्रमांक बदलण्याचा उल्लेख करून ठेवावा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी नवा ठराव मागितला जाणार नाही.