मण्यांवर मोजलेले श्वास

शाळेची पायरी न चढलेल्या सुईणीने बाळाचे साठ श्वास मोजायचे कसे? गडचिरोली जिल्ह्यात काम करणाऱ्या 'सर्च' या संस्थेपुढे हा अगदी खराखुरा प्रश्न होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ही संस्था सुरू केली. तिथे त्यावर उत्तर निघालं ते मण्यांचं. एका मिनिटाची वाळू आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी पुढे. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी गाठला, तर बाळाला न्यूमोनिया असण्याची शक्यता. मला या उपकरणाचं आजही फार अप्रूप वाटतं.

त्यामागचं शास्त्र असं. फुप्फुसाला सूज आली की ते ताठर होतं, दर श्वासात हवा कमी जाते. ती तूट भरून काढायला बाळ भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास ही धोक्याची खूण; त्याहून मोठ्या, पण वर्षाच्या आतल्या बाळात ती 50 वर येते. मोजायचं मात्र पूर्ण मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर फसायला होतं, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच एकसारखा नसतो. काही सेकंद तो थांबतो, मग चार-पाच श्वास घाईघाईने येतात. पोटावरचं दुपटं बाजूला करून, बाळ रडत नसताना, पोट वर येईल तसं मोजत जायचं.

नव्वदच्या दशकात हीच रीत पुढे गेली. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी घेऊन त्या बाळंतिणीच्या घरी जात. बाळाला लगेच आंघोळ घालू नका, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत. ओल्या अंगावरचं पाणी वाफ होताना अंगातली ऊब घेऊन जातं, आणि बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असल्याने ते झपाट्याने गार पडतं. जंतुदोषाची लक्षणं दिसली तर इंजेक्शन देण्यापर्यंत त्यांची तयारी होती. असं काम 39 गावांत झालं आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवली होती. तिसऱ्या वर्षी, हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू तुलनेच्या गावांत 59.6, तर या गावांत 25.5. हे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज देशभर आशाताई बाळ-बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

पण बाळ वाचलं म्हणजे घरातल्या बाकीच्यांचं सगळं ठीक आहे, असं थोडंच असतं? राणीताईंनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम 8 टक्के. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय, हे बाईने कुणाला सांगायचं? कोणी विचारलंच नव्हतं. हा अभ्यास 1989 चा. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी त्यांनी पुढे 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली, तीही याच न विचारलेल्या गोष्टींसाठी.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत मोजदादीने सगळ्यांनाच चकित केलं. लकवा हा शहरी, बैठ्या माणसाचा आजार, अशी आपली समजूत. इथल्या 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली तर लकवाच पहिल्या क्रमांकावर निघाला, सुमारे सातांत एक मृत्यू. त्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब, आणि तो बहुतेकदा दुखत नाही की खुपत नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं ताण पडत राहतो आणि माणूस मात्र रोवणीला चिखलात उतरतच असतो. त्याला बरं वाटत असतं, म्हणून दवाखान्यात तो स्वतःहून जात नाही. गोळी सुरू झाली तरी महिन्याभराने, 'आता बरं आहे' म्हणून तीच बंद करतो. दंडाला पट्टा बांधून आकडा दाखवणारं आणि गोळ्या संपायच्या आत पुन्हा ओसरीवर येऊन बसणारं कोणीतरी गावातलंच लागतं.