एमबी झाली का? खर्चावर नजर ठेवण्याच्या सवयीची पार्श्वभूमी

बेळगावात सरकारी कामं घेणारे दोन कंत्राटदार चहाच्या टपरीवर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "एमबी झाली का?" काम कुठवर आलं हे नंतर. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमापाची वही. तिच्यात नोंद पडली तर बिल, बिल निघालं तर पैसे. बांधकामाच्या खर्चावर लक्ष ठेवण्याची आपली सगळी सवय या वहीभोवती वाढली. तिची ताकद तिथली, आणि खोटही तिथलीच.

आधी अंदाज बांधायचा आणि नंतर प्रत्यक्षाशी ताडून पाहायचं, हे काही इंग्रजांनी आपल्याला शिकवलेलं नाही. पेशवाईत महालाच्या, म्हणजे परगण्याच्या, जमाखर्चाचा बेहडा, म्हणजे अंदाज, आधीच ठरवून दिलेला असे आणि मागाहून ताळेबंद तपासला जाई. 'अजमासे इतके लागतील' असं आपण आजही म्हणतो, तो अजमास याच दफ्तरी भाषेतला. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, आणि पुढे सार्वजनिक बांधकामाचे हिशेब त्यांच्या पद्धतीने होऊ लागले.

त्या पद्धतीला आकार आला तो 1854 नंतर. त्याआधी रस्ते, पूल, इमारती मिलिटरी बोर्डाच्या हातात होत्या. कामं वाढली, बोर्डाला ती पेलेनात. गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याच्याकडून ही कामं काढून घेऊन पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट, म्हणजे पीडब्ल्यूडी, उभं केलं. गोकाकजवळ घटप्रभेवर 1897 मध्ये पुरा झालेला धुपदाळचा बंधारा मुंबई इलाख्याच्या त्याच जमान्यातला.

एमबी कधी हातात घेऊन पाहिली नसेल तर एकदा जरूर पाहावी. प्रत्येक पानाला छापील क्रमांक असतो, म्हणजे पान फाडलं तर लगेच कळतं. रकाने नग, लांबी, रुंदी, खोली आणि शेवटी येणारं परिमाण असे. नोंद शाईने करायची. खाडाखोड चालत नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. खालच्या इंजिनिअरने घेतलेली मापं वरचा साहेब काही ठिकाणी पुन्हा टेप लावून तपासतो. हा सगळा थाट कुणीतरी चोरी करणार हे गृहीत धरूनच उभा केलेला आहे, आणि ते गृहीतक अगदीच चुकीचं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही! पण एमबीला एकच प्रश्न विचारता येतो, मागितलेले पैसे झालेल्या कामाचे आहेत का? उरलेलं काम उरलेल्या पैशांत बसेल का, याला तिच्यात रकानाच नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या रेघेचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे, हिशेबावर काय परिणाम झाला ते फारसं कुणी सांगत नाही. वेंगुर्ला रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात चंदगड तालुक्यातली शिनोळी लागते. तिथे महाराष्ट्राची दरसूची, म्हणजे कामांच्या सरकारी दरांची यादी, आणि जुन्या मुंबई पीडब्ल्यूडीचे बी-1, बी-2 हे निविदा फॉर्म अजून चालतात. रेघेच्या अलीकडे, बेळगावात, कर्नाटकाची वेगळी दरसूची, सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा 1999 चा कायदा आणि केडब्ल्यू मालिकेतले निविदा फॉर्म. दोन्हीकडे कामं घेणाऱ्याला दोन हिशेब डोक्यात ठेवावे लागतात. त्यात भर मापांची. वही कधीच मेट्रिक झाली, पण टिपरवाला वाळू-खडी ब्रासमध्येच बोलतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, 2.83 घनमीटर. हे रूपांतर तोंडी करताना दर खेपेला थोडं थोडं गळतं, आणि ते कुठल्याच कागदावर दिसत नाही.

पुढे पाहणारा हिशेब आला अमेरिकेतून, तोही लष्करी कामांतून. 1958 मध्ये तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी पर्ट ही वेळापत्रकाची पद्धत काढली, 1962 मध्ये तिला खर्च जोडला गेला. कंत्राटदारांना ती फार किचकट वाटली. मग 1967 मध्ये संरक्षण खात्याने पद्धत लादणं सोडलं आणि तुमच्या हिशेबात अमुक गोष्टी दिसल्याच पाहिजेत असे 35 निकष घालून दिले. गाभा साधा होता. ठरलेलं काम, झालेलं काम आणि गेलेले पैसे, हे तिन्ही आकडे एकाच भाषेत, रुपयांत किंवा डॉलरांत, शेजारी शेजारी मांडायचे. यालाच अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. 1991 मध्ये नौदलाचं ए-12 विमान खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेल्याने रद्द झालं, तेव्हा या आकड्यांनी धोका आधीच दाखवला होता अशी चर्चा झाली आणि पद्धतीचं वजन वाढलं.

भारतात केंद्राने 1985 मध्ये कार्यक्रम अंमलबजावणीसाठी वेगळं मंत्रालय काढलं. आज सांख्यिकी मंत्रालयात नजर ठेवण्याचं तेच काम 150 कोटी आणि त्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांसाठी चालतं. खानापूरचा रस्ता किंवा निपाणीची शाळाखोली त्या चाळणीत येणारच नाही. आमच्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना अर्न्ड व्हॅल्यूची गणितं येतात, पण साइटवर पाऊल टाकलं की पहिल्याच दिवशी हातात एमबी येते.

मला ही तीन आकड्यांची गोष्ट पटली ती बेळगावातल्या अनगोळला आमचं घर बांधताना. अंदाज 60 लाखांचा. मृग लागायच्या आत 40 लाखांचं काम उरकायचं ठरलं होतं. तोवर गेले होते 36 लाख. आण्णा खुशीत. "चार लाख वाचले बघ," म्हणाले. मी त्यांची वही घेतली आणि झालेलं काम मूळ अंदाजातल्या दरांनी मोजलं. स्लॅब झाला होता, पण आतलं प्लास्टर अर्धवट, वायरिंगला हात लागलेला नव्हता. बेरीज आली 30 लाख. म्हणजे 36 लाख घालून 30 लाखांचं काम पदरात, आणि वाचलेले म्हणून मिरवलेले चार लाख म्हणजे न झालेलं काम. पैसे याच हिशेबाने जात राहिले तर 60 चं घर 72 ला जाणार होतं. आण्णांनी वही परत घेतली, चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली आणि गवंड्याला फोन लावला.

कंपाउंडची भिंत त्या वर्षी झालीच नाही.