सरकारी अभियोक्ता

फौजदारी खटल्यात राज्याच्या वतीने अभियोग चालवणारा विधिज्ञ. लोकांच्या तोंडी ‘सरकारी वकील’. पदाचा उगम सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फौजदारी संहितांत मानला जातो. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 492 नियुक्तीविषयी होते.

नागपुरात न्यायिक आयुक्तांच्या न्यायालयाच्या जागी 1936मध्ये उच्च न्यायालय आले. पुढे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला 1942च्या अखेरीस येथे सरकारी वकील आणि 1943मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले. 1956च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले.

पदाचे स्वातंत्र्य हा खरा वादाचा मुद्दा. दंडाधिकाऱ्यांपुढे पूर्वी पोलीस अधिकारीच अभियोग चालवीत. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने त्यासाठी सहायक सरकारी अभियोक्त्यांची तरतूद केली. तरी महाराष्ट्रात हा वर्ग पोलीस खात्याच्याच नियंत्रणाखाली राहिला. ज्याने तपास केला त्याच्याच हाताखालच्या वकिलाने त्या तपासातील उणिवा दाखवाव्यात, ही अपेक्षा अवघडच होती. शहाणे खटल्यात (1995) सर्वोच्च न्यायालयाने राज्याला स्वतंत्र अभियोग विभाग करण्याचा आदेश दिला. अभियोग संचालनालयाची तरतूद संहितेत 2005च्या दुरुस्तीने आली. तिच्या जागी 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम 20मध्ये आहे.

खटला मागे घेण्याचा अधिकार (पूर्वीचे कलम 321, आता 360) कोणाचा, यावर दोन मते आढळतात. अभियोक्ता शासनाचा वकील असल्याने शासनाचे धोरण त्याच्यावर बंधनकारक ठरते, असे एक मत. राजेंद्रकुमार जैन खटल्यातील (1980) भूमिका अधिक ग्राह्य वाटते: शासनाने सुचवावे, निर्णय मात्र अभियोक्त्याने स्वतःच्या विवेकाने घ्यावा आणि न्यायालयाची संमती मिळवावी.

सत्र खटल्याची सुरुवात अभियोक्त्याच्या निवेदनाने होते. मग सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराला अभियोक्त्याने विचारलेले पहिले प्रश्न. साक्षीदार फितूर झाला, तर न्यायालयाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घ्यावा लागतो. तेथे पोलिसांपुढचा जबाब आणि पिंजऱ्यातील साक्ष यांतील विसंगती एकेक करून नोंदवून घेण्यात अभियोक्त्याचे कसब लागते. शिवकुमार खटल्यात (1999) सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, वस्तुस्थितीकडे डोळेझाक करून काहीही करून शिक्षा मिळवण्याची तहान अभियोक्त्याला नसावी. आरोपीला कायद्याने मिळणारा लाभ बचावाच्या वकिलाकडून निसटला, तर तो न्यायालयाच्या लक्षात आणून देणे हेही अभियोक्त्याचेच काम. दूरचित्रवाणीवरील महत्त्वाकांक्षी, प्रत्येक खटला जिंकणाऱ्या अभियोक्त्याच्या प्रतिमेत हे कर्तव्य क्वचितच उतरते.